कंत्राटी पूर्वज

डोंगराच्या पोटातल्या गुहेत एक आदिमानव बसलेला असायचा आणि त्याला दर वर्षी करार नव्याने करून घ्यावा लागायचा. कागदावर त्याच्या पदाचं नाव 'प्राचीन मानव, कंत्राटी' असं होतं. केंद्रातले लोक त्याला पूर्वज म्हणत. "पूर्वज, चहा झाला का?" "पूर्वज, दाढी सुटलीय डावीकडून." तेव्हा आपणही पूर्वजच म्हणू.

डोंगर ज्वालामुखी होता आणि जागृत होता, पण सरकारी कचेरी जितकी जागृत असते तितकाच. वरून थोडा धूर निघायचा, आत काम चालू आहे असं सगळे म्हणायचे, आणि प्रत्यक्ष काही घडलेलं पाहणारा माणूस मात्र भेटायचा नाही. मागे मात्र तो खरोखर भडकला होता, आणि एकदाच नाही. दर वेळी खालचं गाव राखेत गेलं, दर वेळी माणसं जीव घेऊन पळाली आणि राख निवल्यावर निर्लज्जासारखी परत आली, कारण त्या राखेत काहीही पेरा, तरारून येतं. गावाखाली गाव आणि त्याच्याखाली आणखी गाव. पाया खणायला घेतला की कुणाची तरी चूल लागते आणि बांधकाम थांबतं.

आपली गुहा या सगळ्यांत जुनी. उकळता रस वाहून गेला, वरचं कवच थंड होऊन राहिलं आणि आत लांबलचक बोगदा तयार झाला. त्यात हजारो वर्षांपूर्वी माणसं राहिली. त्यांच्या चुलींचे काळे डाग, काचेसारख्या काळ्या दगडाची पाती आणि तोंडाशी, राखेचा दगड झालेल्या थरात उमटलेली पावलं, एवढं सगळं मागे ठेवून ती निघून गेली. आता तिथे पर्यटन केंद्र होतं, उपाहारगृह होतं आणि पूर्वज होता.

पूर्वजाला बोलायची परवानगी नव्हती. कारण असं की केंद्र उभारताना दोन विद्वान बोलावले होते. एक म्हणाले, या माणसांना भाषा होती. दुसरे म्हणाले, छे, नुसते हातवारे. दोघांची जुंपली ती इतकी की शेवटी हातवाऱ्यांवर आली. मग समिती नेमली गेली आणि समितीने ठरवलं की अंतिम अहवाल येईपर्यंत प्राचीन मानवाने गप्प बसावं. अहवाल यायचा होता; तोवर बाहेर 'प्राचीन मानव बोलत नाही' अशी पाटी लागली. पूर्वजाच्या आधीच्या आदिमानवाला शाळेच्या सहलीने फोनवर बोलताना पकडलं होतं. तो त्याच आठवड्यात इतिहासजमा झाला.

बाकी थाट उत्तम होता. अंगावर नकली कातडं होतं आणि ते असं चावायचं की पूर्वजाचं खाजवणं लोकांना फार अस्सल वाटायचं. समोर शेकोटी होती, पण ज्वालामुखीवर आग पेटवायला सुरक्षा विभागाची बंदी असल्यामुळे तिच्यात लाल दिवा आणि पंख्याने फडफडणाऱ्या चिंध्या होत्या. शेजारी बायको होती, प्लास्टिकची. तिचं पद मंजूर झालं नव्हतं.

पूर्वजाची खरी बायको घरी होती, हाडामांसाची आणि बोलणारी. तिने नातेवाइकांत सांगून ठेवलं होतं की हे संशोधन केंद्रात असतात. कुणी विचारलंच कसलं संशोधन, तर म्हणायची, "मानवाच्या उत्पत्तीचं." यात खोटं शोधायला गेलं तर सापडत नाही आणि खरं शोधायला गेलं तरी सापडत नाही. पूर्वजालाही हे सोयीचं होतं. पूर्वी तो तिकीट-खिडकीवर होता. तेव्हा माणसं निदान त्याच्या तोंडाकडे बघून बोलायची.

त्या दिवशी त्याला रजा हवी होती. संध्याकाळी लेकीला मागणी घालायला मुलाकडची मंडळी येणार होती. मुलगा आणि लेक एकमेकांना वर्षभर ओळखत होते, दोघांचं जमलं होतं, आता फक्त आईबापांनी आईबापांना पसंत करायचं होतं. पण केंद्राच्या व्यवस्थापिका बाई म्हणाल्या, "त्या दिवशी मोठा गट आहे. पूर्वजच रजेवर गेला तर पुढच्या पिढीला दाखवायचं काय?" करार संपत आला होता. पूर्वज मान हलवून गप्प बसला. तशी त्याला सवय होती.

सकाळी तो डबा पिशवीत घालत असताना लेक जवळ आली.

"बाबा, एक सांगू? रागावू नका."

"म्हणजे रागावण्यासारखंच आहे."

"मी त्याला तुमच्या कामाचं खरं सांगितलं. फोटोसुद्धा दाखवला, कातड्यातला."

पूर्वजाच्या हातातला डबा तसाच राहिला. "काय गरज होती? लग्न होऊ द्यायचं, मग सांगायचं."

"तो हसला नाही, बाबा. म्हणाला, आईबाबांना मीच सांगतो. तुम्ही काळजी करू नका." ती स्वतःच हसली. हल्ली ती अशी उगाचच हसायची, जिन्यात, आरशासमोर, चपला घालताना. पूर्वजाला ते बघून इतकं बरं वाटायचं की रागाला जागाच उरायची नाही.

लेक डोंगराच्या दुसऱ्या अंगाला वेधशाळेत होती. डोंगराच्या पोटात काय चाललंय हे ऐकायचं, हे तिचं काम. जमिनीत पुरलेली यंत्रं बारीकसारीक हादरे टिपायची आणि हिने सांगायचं की हा ट्रक गेला, हा दगड घसरला, आणि हा मात्र डोंगर कुशीवर वळला. गावातले लोक तिला अधूनमधून विचारायचे, "काय म्हणतोय डोंगर?" आणि उत्तर न ऐकताच पुढे जायचे. पण धोक्याचा भोंगा वाजवायचा की नाही हे ज्यांच्या शब्दावर ठरतं, त्यांत ती एक होती. लहानपणी ती जमिनीला कान लावून झोपायची आणि आई ओरडायची. पूर्वजाच्या आयुष्यात मिरवण्यासारखी गोष्ट एकच, ही पोरगी. तीसुद्धा तो कुणाला सांगू शकत नव्हता, कारण दिवसभर तोंड बंद.

दुपारी मोठा गट आला. व्यवस्थापिका बाई पुढे, मागे टोप्या, छत्र्या आणि फोन. आदिमानव बघायला आलेली माणसं बघत बसण्यासारखी असतात. एक बाई प्लास्टिकच्या बायकोकडे बघून नवऱ्याला म्हणाली, "बघा, तेव्हासुद्धा कामाला तीच." एका गृहस्थांनी पावलांचे ठसे बघून विचारलं, "बूट कुठल्या मापाचा असेल हो?" आणि त्यांच्या मागून एक भारदस्त आवाज आला, "हा काळा दगड पॉलिश केला ना, तर हॉटेलच्या लॉबीत असला चमकेल! वाया घालवलाय नुसता."

पूर्वजाने वर पाहिलं. बोलणारा माणूस रुंद होता, रुमालाने मान पुसत होता आणि गुहेच्या भिंतीवर टिचक्या मारून बघत होता. त्याच्याबरोबर एक सडपातळ बाई होती. आणि तिच्या बाजूला मुलगा. लेकीच्या फोनवर शंभरदा पाहिलेला, तोच.

मुलाने पूर्वजाकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. ओळख पटली होती. दोघांनाही.

मुलाच्या वडिलांचं फरशांचं मोठं दुकान होतं, हे पूर्वजाला ठाऊक होतं. आपण त्यांना फरशीवाले म्हणू. संध्याकाळपर्यंत वेळ काढायला ही मंडळी डोंगर बघायला आली होती. फरशीवाले सरळ येऊन पूर्वजाच्या खांद्यावर हात टाकून उभे राहिले. "काढ रे फोटो. नीट काढ, पोट आत येऊ दे." मुलाने वडिलांच्या फोनवर फोटो काढला.

मुलाने अजून सांगितलेलं नाही, हे पूर्वजाला तेव्हाच कळलं. त्याने मनाची समजूत घातली. जाऊ दे, संध्याकाळी सांगेल. पोरं आयत्या वेळी सांगतात.

गट पुढे सरकला. फरशीवाल्यांना मात्र चढाने धाप लागली होती. ते शेकोटीसमोरच्या दगडावर बसले, बायकोला आणि मुलालाही बसवलं. व्यवस्थापिका बाई वळणावर थांबून बाकीच्यांना पाती दाखवू लागल्या. इथलं बोलणं त्यांना ऐकू जात नव्हतं, पण इथला माणूस दिसत होता.

"संध्याकाळचं ठरवून टाकू," फरशीवाले म्हणाले. "मुलीच्या नोकरीचं ते विचारतील. आपण म्हणायचं, खुशाल करू दे, आमची काही हरकत नाही. सहा महिने जाऊ द्यायचे. मग तुझे गुडघे दुखायला लागतील."

"माझ्या गुडघ्यांना काय झालंय?" मुलाची आई म्हणाली.

"होईल. घरात माणूस लागतं म्हटलं की नोकरी आपोआप सुटते. भांडण नको, तंटा नको. दिवसरात्र डोंगराला कान लावून बसायचं, हे काय सुनेचं काम आहे? दुकानात बसेल, हिशेब बघेल, चार माणसांत राहील."

"अहो, हळू. ह्यांना ऐकू जातंय."

"कुणाला? याला?" फरशीवाले पूर्वजाकडे बघून हसले. "अगं, याला भाषा नाहीये. बाहेर पाटी वाचली नाहीस?" मग मुलाकडे वळले. "काय रे? बरोबर बोलतोय ना मी?"

पूर्वजाने काळ्या दगडाचं पातं हातात घट्ट धरलं. तो मुलाकडे बघत होता. मुलगा त्याच्याकडे बघत होता. बोल, बाबा, पूर्वज मनात म्हणत होता. एवढंच म्हण, की तिला हे काम आवडतं. नाही म्हणायची हिंमत नसेल तर नुसतं 'बघू' म्हण. मी तेवढ्यावरसुद्धा भागवून घेईन.

"तुम्ही म्हणाल तसं," मुलगा म्हणाला.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. पूर्वजाच्या घशात इतके शब्द येऊन दाटले की समितीचा अहवाल तिथल्या तिथे निकालात निघाला असता. पण वळणावर बाई उभ्या होत्या आणि करार त्यांच्या टेबलावर होता. त्याने चिंध्यांच्या जाळावर हात शेकले, कारण दुसरं काय करावं हे त्याला सुचेना.

मंडळी उठली. मुलगा बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने मागे राहिला. वाकल्या वाकल्या पुटपुटला, "काका, प्लीज. आज काही बोलू नका. लग्न होऊ द्या, मग मी बाबांना समजावतो." आणि बापामागे पळाला.

लग्न होऊ द्यायचं, मग सांगायचं. सकाळी हेच आपण लेकीला म्हणालो होतो, हे आठवून पूर्वजाला कातड्यापेक्षा जास्त काहीतरी चावलं.

संध्याकाळी तो अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, चष्मा लावून बैठकीत बसला. कानामागची, रंगरंगोटीची काजळी काही निघाली नव्हती. बायकोने ठेवणीतल्या कपबशा काढल्या होत्या आणि खुर्च्या शेजाऱ्यांकडून आणल्या होत्या. लेक वेधशाळेतून धावतच आली, केस नीट केले, आणि बापाच्या कानात म्हणाली, "कसे वाटताहेत बाबा, सांगा हं नंतर." तिच्या अंगातून आनंद नुसता सांडत होता. पूर्वजाला वाटलं, हे मोडणारे आपण कोण? संसारात कुणाचं काय काय सुटतं. आपलं नाही का सुटलं? तिकीट-खिडकी गेली, आवाज गेला. जगतोच आहोत की. आणि लगेच त्याला स्वतःचीच लाज वाटली, कारण आपण कसे जगतो ते त्याला नीट माहीत होतं.

फरशीवाल्यांनी पाऊल आत टाकलं ते जमिनीकडे बघत. "फरशी बरी आहे," ते म्हणाले. ही त्यांच्या तोंडून मोठीच पावती होती. मग पूर्वजाचा हात हातात घेऊन हलवत राहिले. "आपण कुठे भेटलोय का? चेहरा ओळखीचा वाटतो."

"वाटत असेल," पूर्वज म्हणाला.

"संशोधक मंडळी! आम्हीही आज तुमचं केंद्र बघून आलो. छान आहे. दगड मात्र वाया घालवलाय."

मुलगा कपातल्या चहात बघत होता. बोलणं रंगत गेलं. मुलाच्या शिक्षणाचं झालं, दुकानाच्या दोन मजल्यांचं झालं. मग पूर्वजाच्या बायकोने पदर सावरत, जरा भीतभीतच विचारलं, "आमची नोकरी करते, ती पुढेही..."

"खुशाल करू दे!" फरशीवाले म्हणाले. "आम्ही काय जुन्या काळातली माणसं आहोत? आदिमानव थोडेच आहोत!"

सगळे हसले. लेक सगळ्यांत जास्त हसली, आणि तिचं ते हसू पूर्वजाला सहन होईना.

"तुमचा फोन बघू जरा," तो म्हणाला.

"माझा?"

"आज दुपारचा फोटो आहे ना त्यात. खांद्यावर हात टाकून काढलेला. बघा."

फरशीवाल्यांनी हौसेने फोन काढला; आपले फोटो दाखवायला त्यांना कधीच जड जात नसे. फोटो उघडला. फोटोकडे बघितलं, पूर्वजाकडे बघितलं, पुन्हा फोटोकडे बघितलं. पूर्वजाने चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"मी संशोधक नाही," तो म्हणाला. "मी आदिमानव आहे. कंत्राटी. गुडघ्यांचं सगळं ऐकलं मी."

त्याच्या बायकोने डोळे मिटून घेतले.

"कसले गुडघे?" लेकीने विचारलं.

पूर्वजाने सांगितलं. मीठमिरची न लावता सांगितलं, जसंच्या तसं. दिवसभर न बोलणाऱ्या माणसाचा एक फायदा असतो, ऐकलेलं नीट लक्षात राहतं. फरशीवाले मध्येच म्हणाले, "अहो, गंमत चालली होती ती! घरातल्या घरात माणूस काहीही बोलतो. आणि तुम्ही असं चोरून ऐकणं..."

"चोरून कुठे? मी समोरच बसलो होतो."

लेक त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती मुलाकडे वळली. "तू होतास तिथे?"

"हो."

"बाबांना ओळखलंस?"

"हो. म्हणूनच तर... मी नंतर सगळं नीट करणार होतो. उगाच तिथे तमाशा नको म्हणून—"

"बाबांना बोलायला बंदी आहे. बोलले तर नोकरी जाते." तिचा आवाज चढला नव्हता, यंत्रावरचा हादरा वाचून दाखवावा तसा तो सपाट होता. "तुला कुणी बंदी केली होती?"

मुलाने तोंड उघडलं. वडिलांकडे बघितलं. मिटलं.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. फरशीवाले उठले. उचलली जीभ लावली टाळ्याला, म्हणाले, "बरं झालं, आधीच कळलं. आदिमानवाच्या घरात सोयरीक म्हणजे लोक काय म्हणतील!" आणि दारापर्यंत जाऊन पुन्हा एकदा खाली बघून म्हणाले, "फरशीही दुय्यम आहे." मुलगा दोनदा मागे वळला. लेकीने दुसऱ्यांदा तिकडे बघितलंच नाही, ती कप गोळा करू लागली. हातातून एक बशी निसटून फुटली आणि तुकडे वेचत तिथेच खाली बसून ती रडू लागली. पूर्वजाला वाटलं, आपण आपल्या हाताने पोरीच्या सुखाला चूड लावली. तो जागचा हलू शकला नाही.

चपला घालायला मागे राहिली होती ती मुलाची आई. सगळ्या संध्याकाळभर तिने चहा चांगला झालाय यापलीकडे एक शब्द काढला नव्हता. ती चपला तशाच ठेवून परत आत आली, खाली वाकली, सहज वाकली, गुडघे जराही कुरकुरले नाहीत, आणि लेकीच्या हातातले बशीचे तुकडे काढून घेतले.

"मी शाळेत गणित शिकवायचे," ती हळूच म्हणाली. "माझ्या वेळी सासूबाईंची कंबर होती."

खाली गाडीचा हॉर्न वाजला, मग पुन्हा वाजला. तिने तुकडे टेबलावर नीट एका बाजूला ठेवले, जेणेकरून कुणाला लागू नयेत, आणि ती जिना उतरून गेली.